तीन पायांची शर्यत

भाचीचा गृहपाठ होता. यत्ता सातवी, विषय इंग्रजी, मुक्काम कोलकाता. एका पानावर पाच उतारे आणि प्रत्येक उताऱ्याखाली तीन चौकोन. लेखकाचा हेतू ओळखा आणि खूण करा: पटवणे, माहिती देणे, मनोरंजन करणे. चौथा चौकोन नाही. पोट भरणे हा हेतू पान काढणाऱ्याला सुचला नसावा.

पर्स्वेड, इन्फॉर्म, एंटरटेन. आद्याक्षरं जोडली की 'पाय' होतो, हे बाईंनी वर्गात घोकून घेतलंय. बाईंचा पाय खायचा, पण मराठी कानाला तो चालायचाच वाटतो. तीन पायांनी चालण्याला आपल्याकडे शर्यत म्हणतात. शाळेत असते ती. तिच्यात सगळे पडतात.

"मामा, तू पेपरात लिहितोस ना? मग सांग पटापट."

पेपरात लिहितो म्हणूनच तर सांगता येत नाही. संपादकांचा फोन मंगळवारी येतो, मजकूर बुधवारी जातो. या दोन वारांच्या मध्ये हेतूला बसायला जागा कुठे आहे?

उतारे तसे सरळमार्गी होते. देवमासा: माहिती. प्लास्टिक वापरू नका: पटवणे. बोलणारा ससा: मनोरंजन. सगळं लेखन असं गणवेश घालून रांगेत उभं राहिलं असतं, तर समीक्षकांवर उपासमारीची वेळ आली असती.

भाऊजींची बँकेत बदली झाली म्हणून ताईचं बिऱ्हाड भवानीपुरात. चार दिवस राहायला आलेला मामा म्हणजे घरात आयता शिकवणीवाला, तोही बिनपैशाचा. मी म्हटलं, पोरी, पान ठेव दप्तरात. चल, शहर वाचू. ताई म्हणाली, "आणि गृहपाठ?" मी म्हटलं, "हाच." ताईने एक सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्याचा हेतू मला कळला होता, पण मी खूण केली नाही.

पहिला उतारा कोपऱ्यावरच. मिठाईचं दुकान, काचेत संदेशच्या रांगा, वर पाटी: आमची इतरत्र शाखा नाही. भाची म्हणाली, माहिती! पुण्याच्या माणसाला विचार. ती माहिती नसते, ती ऐट असते. नसलेल्या गोष्टीची पाटी रंगवायला पैसे कोण मोजतो?

पुढे एक लांबलचक भिंत. पांढरा चुना नुकताच फासलेला, कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि सालं, म्हणजे इथून इथवर भिंत आमची. मजकूर नाही. निवडणूक लांब आहे, उमेदवार ठरायचाय, मुद्दा सापडायचाय. भिंत तेवढी पक्की. कोरी भिंत इतकं काही सांगते, हे आमच्या नवकवींना कळलं असतं तर कागद वाचला असता.

बाकावर बसून रविवारचा बंगाली पेपर उघडला. भाचीला बंगाली वाचता येतं, मला अंदाज करता येतो. वधूवर जाहिराती. मुलगा एकुलता एक, स्वतःचा फ्लॅट, केंद्र सरकारची नोकरी, वडील पेन्शनर. शेवटी तीन शब्द: काहीही मागणी नाही. जाहिरातीला शब्दावर दर असतो. मागायचंच नाही, तर तेवढं सांगायला खिशातले पैसे का घालवले?

भाचीने तिथे माहितीची खूण केली होती. पेन्सिलीने. मी रबर दिलं.

मग मेट्रो धरून उत्तरेला बागबाजारकडे गेलो. तिथे मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. भाची खूश. आपल्या नावाची गल्ली, तीही कोलकात्यात! मी गप्प. डिच म्हणजे खंदक, आणि खंदक पाहुण्यांच्या स्वागतासाठी खणत नाहीत.

१७४२ साल. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली चौथाईसाठी बंगालात उतरलेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीत घबराट. गावाभोवती सात मैलांचा खंदक खणायचा बेत ठरला. तीन मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यात आलेच नाहीत. शत्रू न आलेला, काम अर्धवट, पैसे खर्च झालेले. सार्वजनिक बांधकाम खात्याला कुलदैवत हवं असेल तर ते या गल्लीत आहे.

आपल्या बारगिरांना बंगालने 'बर्गी' केलं आणि थेट अंगाईत बसवलं. बाळ झोपतं आणि गाण्यात बर्गी येतात. त्याच गाण्यात धान्य पाखरांनी खाल्ल्याची आणि सारा कसा भरायचा याचीही काळजी आहे. आता करा खूण! झोपवणे हा चौकोन पानावर नाही. आणि बाळाच्या कानात महसुलाचं गाऱ्हाणं घालणारी ती आई नक्की कोणाला जागं ठेवत होती?

"म्हणजे आपण व्हिलन?" भाचीचा चेहरा पडला.

थांब जरा. सखाराम गणेश देउस्कर. आडनाव मराठी, लेखणी बंगाली. १९०४ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पुस्तिका लिहिली आणि तिच्यासाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता दिली. १९०६ च्या जूनमध्ये तर टिळक, खापर्डे आणि मुंजे इथल्या शिवाजी उत्सवाला हजर. ज्या शहराने मराठ्यांच्या नावाने पोरं झोपवली, त्याच शहराने मराठ्यांच्या नावाने थोरांना उठवलं. घोडा तोच. स्वार बदलला की झालं.

याच देउस्करांचं 'देशेर कथा'. तेही १९०४ चं. इंग्रज हा देश कसा पिळून काढतायत, त्याचा आकडेवार हिशेब. आकडे आले म्हणजे माहितीचा चौकोन, नाही का? सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. खोट्या आकड्यांवर कोणी बंदी घालत नाही. त्यांना अहवाल म्हणतात.

जाता जाता नदीपल्याडचं श्रीरामपूर. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. तिथल्या विल्यम केरी या पाद्रीबाबांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. मदतीला वैजनाथ पंडित. मिशनला धर्म पसरवायचा होता, कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजला साहेबांकडून कारभार करवून घ्यायचा होता. मराठी माणसाला शहाणं करावं असं यातल्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तरी छापील मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपल्याला होडीत बसून हुगळी ओलांडावी लागते.

तर तो खंदक. पुढे तो बुजवला आणि त्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्याच्या दक्षिण भागाला आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे. झाडांच्या संवेदना मोजणारे, बिनतारी लहरींशी खेळणारे तेच ते. १८९६ साली त्यांनी एक गोष्ट लिहिली.

केसांच्या तेलाची.

हसू नका. हेमेंद्रमोहन बोस नावाचे एक खटपटे उद्योजक कोलकात्यात 'कुंतलीन' हे केशतेल आणि 'देलखोश' हे अत्तर विकत. त्यांनी कथास्पर्धा जाहीर केली. अट अशी, की गोष्टीत कुंतलीन आणि देलखोश आलं पाहिजे, पण ती जाहिरात वाटता कामा नये. आजच्या जाहिरात कंपन्या याच कामाला लांबलचक इंग्रजी नाव देतात आणि नावाच्या लांबीइतकं बिल लावतात. तेलवाल्याने ते बक्षीस लावून उरकलं.

पहिल्या वर्षीचं बक्षीस जगदीशचंद्रांना. गोष्टीत कोलकात्यावर चक्रीवादळ येणार अशी वेधशाळेची खात्री. लोक धास्तावलेले. आणि वादळ येतच नाही! गेलं कुठे? शास्त्रज्ञ डोकं खाजवतात. उत्तर निवेदकाच्या डोक्यावर आहे, किंवा नाही. तापाने त्याचे केस गेलेत, हवापालटासाठी तो जहाजाने सिलोनला निघालाय आणि लेकीने सामानात तेलाची बाटली घातलीय. समुद्र खवळतो, हा बाटली पाण्यात टाकतो, तवंग पसरतो, लाटा बसतात, वादळ बारगळतं. कोलकाता वाचलं. टक्कल राहिलं ते राहिलंच.

बसा आता पेन्सिल घेऊन. तेलाने लाटा शमतात हे भौतिकशास्त्र, म्हणजे माहिती. वादळाची फजिती हे मनोरंजन. तेल घ्या हे पटवणे. वेधशाळेला काढलेला चिमटा कुठल्या चौकोनात? आणि बक्षिसावर डोळा होता की नव्हता, ते कोणी विचारायचं? भारतातल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांमध्ये मानाने मोजली जाणारी ही गोष्ट एका तेलवाल्याच्या अटीतून जन्मली. वाङ्मयाचे उगम शोधत हिमालयात जाणाऱ्यांनी एकदा वाण्याच्या दुकानातही डोकवावं.

हेच कुंतलीन बक्षीस १९०३ मध्ये 'मंदिर' या कथेला मिळालं. कथा शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची. पाठवली मामाच्या नावाने, सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय म्हणून. लिहिलं भाच्याने, नाव मामाचं. भाचीने माझ्याकडे आशेने पाहिलं.

नाही म्हटलं. गृहपाठ तुझा तूच कर.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी याच्या जवळपासचं काहीतरी केलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. परीक्षकांनी नाव पाहून भारावू नये, म्हणून. बक्षीस मिळालंच. हल्ली मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो शीर्षकापेक्षा मोठा असतो. तिथे हेतू ओळखायला परीक्षक नको, चष्मासुद्धा नको.

परतताना बीबीडी बागेपाशी उतरलो. जुना डलहौसी स्क्वेअर. याच भागात जुना किल्ला होता आणि किल्ल्यात ती कोठडी. ब्लॅक होल. २० जून १७५६ ची रात्र. नवाब सिराजउद्दौल्याच्या माणसांनी १४६ जणांना अठरा फूट लांब आणि पंधरा फूटही रुंद नसलेल्या खोलीत कोंबलं आणि सकाळी २३ जिवंत निघाले. असं लिहिलं जॉन झेफनाया हॉलवेलने. तो त्या २३ मधला एक.

हॉलवेलने हे लिहिलं इंग्लंडला परतताना जहाजावर, आणि छापलं १७५८ मध्ये. म्हणजे मधल्या वर्षी प्लासीची लढाई उरकली होती. पुस्तकाच्या लांबलचक नावाच्या सुरुवातीलाच 'अस्सल' असा शब्द आहे. डब्यावर 'शुद्ध तूप' असं ठळक छापलेलं दिसलं की आपली आजी काय करायची? आधी वास घ्यायची.

बंगाल्यांनी वास घेतला. भोलानाथ चंदर नावाच्या गृहस्थांनी अठरा बाय पंधरा फुटांचं बांबूचं कुंपण घातलं आणि त्यात शेतकरी उभे केले. १४६ मावले नाहीत, जवळपासही नाहीत. नंतरच्या इतिहासकारांनी आकडा निम्म्याच्या खाली आणला. माणसं मेली हे खरं, आणि ते वाईटच. पण हॉलवेलच्या लेखणीत ती सोयीने वाढली. ज्यांना हे राज्य घ्यायचं होतं, त्यांना एक काळी रात्र हवी होती, आणि हॉलवेल ती आयतीच घेऊन आला.

आणि हॉलवेलचं काय झालं? १७६० साली तो काही महिने बंगालचा गव्हर्नर होता. स्मारकही त्यानेच उभारलं. लेखक तोच, साक्षीदार तोच, शिल्पकाराला पैसे देणाराही तोच. ते स्मारक गेल्यावर कर्झनसाहेबांनी १९०२ मध्ये संगमरवरात नवं उभारलं. १९४० मध्ये सुभाषबाबूंनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, सरकारने आधी सुभाषबाबूंना उचललं आणि मग स्मारकाला. आता ते सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या सावलीत एक कुत्रं गाढ झोपलं होतं. त्याला हेतू कळला असावा.

भाचीने विचारलं, "मग हे पटवणे?" मी म्हटलं, इतकं पटवलं की पुढची कैक वर्षं ते माहिती म्हणून शिकवत होते.

छापायचा विषय निघालाच आहे, तर आमच्या धंद्याचा आद्य पुरुषही इथलाच. जेम्स ऑगस्टस हिकी. २९ जानेवारी १७८० ला त्याने 'बेंगॉल गॅझेट' काढलं, या देशातलं पहिलं छापील वर्तमानपत्र. सर्वांना खुलं, कोणाच्याही दाबाखाली नाही, अशी मथळ्याखाली ग्वाही. आत काय? जाहिराती, कुचाळक्या आणि वॉरन हेस्टिंग्जच्या नावाने शिमगा. हेस्टिंग्जची बायकोसुद्धा सुटली नाही.

टपालाने अंक पाठवायची सोय काढून घेतली. खटले भरले. हिकी तुरुंगात गेला आणि तिथूनही अंक काढत राहिला. १७८२ मध्ये खिळेच उचलून नेले. मधल्या काळात 'इंडिया गॅझेट' नावाचं दुसरं, शहाणं पत्र निघालं होतं. त्याला टपालाची सवलत होती. कोणाचं टपाल स्वस्तात जातं तेवढं पाहिलं की अग्रलेख वाचायचे श्रम वाचतात. हा नियम १७८० चा आहे, असं समजून वाचावं.

'अमृतबाजार पत्रिके'ची तऱ्हा वेगळी. १४ मार्च १८७८ ला सरकारने देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रं त्यातून सुटलेली. २१ मार्चचा 'पत्रिके'चा अंक निघाला तो अख्खा इंग्रजीत. मजकुराचा तिखटपणा तोच, फक्त भाषा बदलली आणि कायदा हात चोळत बसला. इंग्रजी का शिकायचं याचं इतकं पटणारं कारण सातवीच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

हेतू ओळखायचं चुकलं तर भाचीचा एक गुण जाईल. पूर्वी लेखकाची वर्षं जात.

१८६० सालचं 'नीलदर्पण'. निळीच्या मळेवाल्यांचे जुलूम दाखवणारं नाटक. लेखक दीनबंधू मित्र, टपाल खात्यात नोकरीला, म्हणून नाव न घालता छापलेलं. इंग्रजी भाषांतर निघालं आणि रेव्हरंड जेम्स लाँग यांनी ते प्रसिद्ध केलं. १८६१ च्या जुलैत लाँगसाहेबांवर इथे बदनामीचा खटला. मनोरंजन की माहिती, यावर कोर्टाने वेळ घालवला नाही. एक महिना कैद, हजार रुपये दंड. दंड तिथल्या तिथे भरला कालीप्रसन्न सिंह या तरुण जमीनदाराने. लिहिलं एकाने, आत गेला दुसरा, पैसे तिसऱ्याचे. हेही तीनच पाय.

हेच कालीप्रसन्न 'हुतोम प्यांचार नक्शा' लिहून गेले. शहरातल्या बड्या धेंडांना, ढोंग्यांना, बाबू लोकांना काढलेले चिमटे. हुतोम म्हणजे घुबड. आम्हा सदरवाल्यांचा मूळपुरुष शोधायचा तर असा, झाडावर आणि रात्रपाळीला.

१८९१ मध्ये 'बंगबासी' या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. देशातला पहिला. कारण काय, तर संमतिवयाच्या कायद्यावर जहरी लेख. मुलींचं वय दहावरून बारा करायला पत्राचा विरोध. म्हणजे लेख वाईट, आणि खटला त्याहून वाईट. सरन्यायाधीश पेथेरम यांनी ज्यूरीला सांगितलं की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रेमाच्या उलट भावना. ज्यूरीचं एकमत होईना, शेवटी माफीवर भागलं. पण व्याख्या मागे राहिली. ती आगगाडीत बसून मुंबईला आली.

१८९७ मध्ये टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची त्याच्याही पुढे गेले. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! सरकारवर प्रेम नाही, एवढाच गुन्हा. हा निकष घरोघरच्या संसाराला लावला असता तर अंदमानात पाय ठेवायला जागा उरली नसती.

आणि १९०८. ३० एप्रिलला मुजफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांचा बॉम्ब, त्यावर 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख, त्यावर खटला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठीत, ज्यूरीच्या हातात भाषांतर. टिळक २१ तास बोलले, आणि त्यात हा शब्द असा नाही, त्या शब्दाची ही छटा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. अकरा वर्षांपूर्वी ज्या दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला, तेच आता न्यायासनावर. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले.

मराठी लेखकाचा हेतू, इंग्रजी भाषांतरावरून, बहुमताने. त्यापेक्षा बाईंचे तीन चौकोन परवडले.

सरकारी वाचन नेहमी इतकं भीषण असतं असं नाही, कधीकधी ते विनोदीही असतं. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ला, १९५५ च्या, पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. पथ म्हणजे रस्ता. पैशांची नोंद झाली रस्तेसुधारणेच्या नावाखाली. दिग्दर्शकाचा हेतू इतका शब्दशः ओळखणारा बाबू पुन्हा झाला नाही. आणि पैसे कारणी लागले, जे रस्त्यांच्या बाबतीत सहसा होत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर भाऊजी फोन पुढे करून बसलेले. "हे वाचा. मॅकॉलेचं भाषण. २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंट. भारतात एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही म्हणतो, आणि म्हणून यांचा कणा मोडा म्हणतो!" खाली चाळीस जणांना पाठवा, असा आदेश.

मी विचारलं, भाऊजी, मॅकॉले त्या दिवशी कुठे होता?

इथेच होता! याच शहरात, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात. त्याच तारखेला त्याने शिक्षणावरचं ते कुप्रसिद्ध टिपण सादर केलं. एकाच दिवशी माणूस कोलकात्यात टिपण लिहितो आणि लंडनात भाषण ठोकतो, तेही शिडाच्या जहाजांच्या काळात. खरं टिपण याहून संतापजनक आहे. भारत आणि अरबस्तानातलं सगळं वाङ्मय एकीकडे आणि चांगल्या युरोपीय ग्रंथालयाची एक फळी एकीकडे, असा त्याचा तोरा. मग खोट्याची गरज काय पडली? खरं वाचावं लागतं. खोटं नुसतं पुढे ढकललं की झालं.

आणि या खोट्यात मॅकॉलेचा हेतू शोधू नका. त्याने ते म्हटलेलंच नाही. कोण्या बेनाम लेखकाला मॅकॉलेच्या तोंडून स्वतःच्या देशाची स्तुती ऐकायची होती. आपल्याला शिव्या देणाऱ्या गोऱ्या साहेबाचंच आपल्याला प्रमाणपत्र हवं! मॅकॉले जिथे असेल तिथे मिशीत हसत असेल. मिशी नव्हती त्याला, तरी.

"मग तुम्ही पाठवलंत कशाला?" मी विचारलं.

"बरं वाटलं म्हणून," भाऊजी म्हणाले. दिवसभरातलं पहिलं प्रामाणिक उत्तर.

जेवणं झाल्यावर भाचीने ते पान पुन्हा काढलं. मासा, प्लास्टिक, ससा, चौथा उतारा आणि पाचवा. पटापट खुणा केल्या. आता तिला माझी गरज नव्हती. पान मिटता मिटता ती थांबली आणि तळाशी नाक नेऊन काहीतरी वाचायला लागली. अगदी बारीक ठशात, पृष्ठक्रमांकाच्याही खाली.

"मामा, हा सहावा उतारा आहे का रे?"

पाहिलं. कुठल्याशा शिकवणी वर्गाचं नाव, फोन नंबर, आठवीसाठी प्रवेश सुरू, पहिल्या वीस जणांना दप्तर मोफत. हे पान म्हणे त्यांनीच शाळेत फुकट वाटलं होतं.

"याला चौकोनच नाहीये," भाची म्हणाली. "कुठे करू खूण?"

मी ताईकडे पाहिलं. ताई भांड्यांकडे पाहत होती.

"सकाळीच केला मी फोन," ती म्हणाली. "सतरावा नंबर लागलाय. दप्तर निळं आहे."